सिंगापूरहून पहिलं क्रूझ, सोबत मुलं

ताई, मुलांना घेऊन सिंगापूरहून चार दिवसांच्या क्रूझला जाताना काय लक्षात ठेवायचं, असं विचारलंत. पहिल्यांदाच जाताय आणि सोबत आजी-आजोबाही आहेत, फार छान! चार दिवसांत जहाजावरचं सगळं पाहून होत नाही. तो हट्ट आधी सोडा. पहिल्या फेरीत आम्ही मुलांना नुसतं पळवलं आणि तिसऱ्या दिवशी दोघंही रडकुंडीला आली.

रॉयल कॅरिबियन कंपनीचं 'स्पेक्ट्रम' किंवा 'अँथम ऑफ द सीज'सारखं जहाज असेल तर:

- मोठे शो आणि आयफ्लाय (हवेच्या झोतावर तरंगायचा खेळ) हे दोन्ही कंपनीच्या अ‍ॅपवरून आधीच बुक करा. जहाजावर चढल्यावर बघू म्हणालात, तर सोयीच्या वेळा गेलेल्या असतात.
- स्विमिंगचे कपडे आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, आणि मुलांना पूल दुपारीच दिसतो!
- किड्स क्लबला तीन वर्षं पूर्ण हवीत, डायपर सुटलेला हवा. धाकट्याचं हे नक्की बघा. पहिल्याच दिवशी नाव नोंदवा. एकदा रुळली की मुलं परत यायला तयार नसतात.
- फ्लोरायडरवर (जहाजावरच्या कृत्रिम लाटांवर सर्फिंग) उभं राहायला उंची ५८ इंच लागते, झोपून फळीवर ५२. घरीच मोजा, म्हणजे तिथे हिरमोड नको.

आजी-आजोबांना नॉर्थ स्टारमध्ये जरूर बसवा. काचेची कॅप्सूल समुद्रापासून सुमारे ३०० फूट वर जाते. माझी आई अजून त्याबद्दल बोलते.

बंदरावरच्या सहली, पॅकेजेस हे नंतर बोलू. मुलांची वयं तेवढी कळवा.