पथ्य मोडलेल्या दिवसाचं काय करायचं?

रिपोर्टमध्ये एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आला की परदेशातल्या मराठी घरात साधारण एकच कार्यक्रम सुरू होतो. भात बंद, साखर बंद, सोमवारपासून जिम. नव्याचे नऊ दिवस हे सगळं नीट चालतं. मग मंडळाचा गणपती येतो, पानात पुरणपोळी पडते आणि "आज गेलंच आहे, तर आणखी एक घेऊ" असं होतं. घरी येईपर्यंत मनाशी ठरतं की आता पुढच्या सोमवारपासूनच. पथ्याचे नियम कुणीही सांगतं, पण ते मोडलं त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं हे फारसं कुणी सांगत नाही. खरी घसरण मात्र तिथेच होते.

आधी आकडा नीट वाचू. अमेरिकेत ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी. कॅनडात ही पायरी ६.० पासून धरतात. ब्रिटनमध्ये तोच आकडा मिलिमोलमध्ये येतो आणि ४२ ते ४७ ही पूर्वपायरी असते, म्हणजे तुमचा ६.१ तिथे ४३ दिसेल. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात दिसते आणि शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत जास्त असतो. अंगात लोह किंवा बी१२ कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. शाकाहारी घरांत बी१२ची कमतरता सर्रास सापडते, म्हणून दोन्ही तपासण्या करून घ्या.

"पण मी तर बारीक आहे!" हे ऐकू येतंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसातही स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त असू शकते. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची सावधरेषा २५ नव्हे, २३ आहे, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरा, श्वास सहज सोडा, मग वाचा. पोट आत ओढून मोजलेली कंबर कुणाच्याच कामाची नाही.

हे सांगायचं कारण असं की आकडा पाहून पहिला विचार "मीच आळशी" असा येतो. थोडा आळस असेलही. पण त्याखाली शरीराची ही ठेवण आहे आणि त्यावर परदेशातला दिनक्रम: दुपारी डेस्कवर उभ्याउभ्या सँडविच, संध्याकाळी मुलांचे क्लास, रात्री पावणेनऊला दिवसभरातलं सर्वांत मोठं जेवण आणि लगेच झोप. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळचं फिरणं आपोआप बंद पडतं. यातलं बरंचसं बदलता येतं. त्यासाठी स्वतःला फटकारणं मात्र उपयोगी पडत नाही, उलट त्याचा अडथळाच होतो.

हे केवळ गोड बोलणं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना आधी डोनट खायला दिलं. त्यातल्या काहींना संशोधक सहज म्हणाला की हे सगळेच खातात, स्वतःवर फार कडक होऊ नका. नंतर त्यांच्यासमोर गोळ्या-चॉकलेटं ठेवली. एरवी खाण्यावर कडक ताबा ठेवणाऱ्या मुलींपैकी ज्यांनी हे वाक्य ऐकलं होतं, त्यांनी कमी खाल्लं. ज्यांना कुणी काहीच म्हटलं नव्हतं, त्यांनी जास्त. अपराधी वाटलं की माणूस हिशेबच सोडून देतो, "गेलंच आहे तर" म्हणत. दुसरी पुरणपोळी खायला लावते ती ही शरम. पहिल्या पोळीला उगाच दोष देऊ नका.

आता कामाचं. एका वेळी दोनच सवयी धरा. तीन नकोत.

पहिली सवय रात्रीच्या ताटाची. भात बंद करू नका, मोजा. दीडशे मिलिलिटरची नेहमीची आमटीची वाटी घ्या. ती भरून शिजलेल्या भातात साधारण ३० ग्रॅम पिष्ट (कार्ब्स) असतं. रात्री एक वाटी भात किंवा दोन मध्यम पोळ्या, दोन्ही एकदम नकोत. इथे एक चूक फार होते: पोळ्या करायला वेळ नाही म्हणून दुकानातला मोठा टॉर्टिया घेतात आणि त्याला एक पोळी समजतात. दहा इंची टॉर्टियात ३५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, म्हणजे त्या जवळपास दोन पोळ्या झाल्या. भारतीय दुकानातला फ्रोझन पराठाही असाच फसवतो, वर तेल वेगळं. भाजी आणि कोशिंबीर भाताइतकीच नव्हे, दुप्पट हवी. प्रथिनांसाठी घट्ट वरणाची एक वाटी पाच-सहा ग्रॅम देते, मटकीची उसळ सात-आठ, दोन अंडी बारा, बिनसाखरेच्या ग्रीक योगर्टचा १७० ग्रॅमचा डबा पंधराच्या पुढे. पातळ आमटीला प्रथिनांत धरू नका, तिच्यात डाळ शोधावी लागते. आणि क्रम बदला: कोशिंबीर, उसळ आधी, भात शेवटी. तेच जेवण या क्रमाने जेवलं तर जेवणानंतर साखर कमी चढते.

दुसरी सवय चालण्याची. रात्री जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत पंधरा मिनिटं चाला. सकाळी साडेपाचला उठून तासभर धावायचा बेत जानेवारीत टिकत नाही. ताट उचललं की बूट घालायचे, एवढी ही गाठ पक्की करा. बाहेर बर्फ असेल, रस्ता निसरडा असेल, तर घरातल्या जिन्यावर किंवा फोनवर बोलत बोलत स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशा फेऱ्या चालतात.

या दोन्ही सवयींचं एक लहान रूप आधीच ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा. ही गोष्ट बहुतेक जण गाळतात. पंधरा मिनिटांचं लहान रूप म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, दोन मिनिटांचं काम. मोजलेल्या ताटाचं लहान रूप म्हणजे काहीही जेवा, आधी एक वाटी कोशिंबीर किंवा दही. मूल तापाने फणफणलंय, ऑफिसचा कॉल रात्री दहापर्यंत चाललाय, अशा दिवसासाठी हे रूप आहे. त्या दिवशी लहान रूप केलं तर दिवस पूर्ण भरला असंच धरायचं, अर्धा नाही. सलग पंधरा दिवस लहान रूपच होत असेल, तर सवय तुमच्या वेळापत्रकात बसत नाही असं समजा आणि वेळ बदला.

लंडनमधल्या ९६ जणांच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते ही गोष्ट सगळीकडे फिरते, तिच्यावर विसंबू नका.

म्हणून पथ्य मोडलं तर पुढच्या सोमवारची नव्हे, पुढच्या जेवणाची वाट पाहा. मंडळात तीन पुरणपोळ्या झाल्या? घरी येऊन पंधरा मिनिटं चाला, झोपा, सकाळी नेहमीचा नाश्ता करा. भरपाई म्हणून सकाळचं जेवण गाळू नका. संध्याकाळी भूक दुप्पट होते आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. ज्यांना ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर जेवण गाळणं धोक्याचंच, साखर एकदम खाली येऊ शकते.

उपासांनाही हेच लागू. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. भिजवण्याआधीचा ६० ग्रॅम साबुदाणा म्हणजे ५० ग्रॅमच्या पुढे पिष्ट आणि प्रथिनं जवळपास शून्य, त्यात बटाटा. खिचडी अर्धी घ्या, सोबत दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही. श्रद्धेने उपास करणाऱ्या सासूबाईंना पिष्टाचं व्याख्यान द्यायची गरज नाही, कोशिंबीर करून पुढे ठेवा, त्या घेतील.

दिवाळीत भारतातून फराळाचं खोकं येतं. ते आठवड्यात संपतं, कारण "चकली नरम पडेल" ही धास्ती. खोकं आलं त्याच दिवशी वाटण्या करा. बेसनाचे लाडू दोन-दोन पिशव्यांत बांधून फ्रीजरमध्ये, चिवडा हवाबंद डब्यात वरच्या फळीवर. नरम पडलेली चकली ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर पाच मिनिटं ठेवली आणि गार होऊ दिली की पुन्हा कुरकुरीत होते. रोज एक लहान बशी, चहाबरोबर, बसून. चोरून ओट्याशी उभं राहून खाल्लेला लाडू मोजलाही जात नाही आणि त्याची चवही कळत नाही. आईने पाठवलेला लाडू खाताना वाईट वाटत असेल, तर पथ्य कुठेतरी चुकीचं आखलंय.

आता व्हिडिओ कॉल. "किती सुटलास रे" किंवा "वाळलीस बाई, जेवत नाहीस का", दोन्ही एकाच आठवड्यात ऐकू येतात. भांडू नका, समजावत बसू नका. "आई, डॉक्टरांनी कमरेचं माप बघायला सांगितलंय, ते बघतोय. तुझं गुडघ्याचं काय म्हणतंय?" इतकं पुरे. मुलं शेजारी बसून ऐकत असतील तर त्यांच्या देखत स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका. बारा-तेरा वर्षांची मुलगी ते आपल्यावर घेते. तिच्यासमोर भाताला "वाईट" आणि सॅलडला "चांगलं" म्हणणंही टाळा.

स्वतःला माफ करणं आणि स्वतःचे लाड करणं यात गल्लत होते. ओळखायची खूण सोपी आहे: माफी दिल्यावर पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे होतं, लाड केल्यावर कंबर मोजायची तारीखच पुढे ढकलली जाते. म्हणून मोजमाप सोडू नका, फक्त कमी वेळा करा. कंबर महिन्यातून एकदा. वजन हवं तर आठवड्यातून एकदा. काट्यावर रोज उभं राहून मीठ-पाण्याच्या चढउतारावर दिवसाचा मूड ठरवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे लक्ष्य होतं, आणि मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. ७२ किलोच्या माणसासाठी ते पाच किलो. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात वजन फारसं न उतरताही आहार आणि चालण्याने धोका २८.५ टक्क्यांनी घटला. काटा हलला नाही म्हणून सोडून देऊ नका.

इंग्लंडमध्ये ४२ ते ४७ आकडा असेल तर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचा मधुमेह-प्रतिबंध कार्यक्रम मोफत आहे, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) मागा. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची मान्यता असलेला वर्षभराचा कार्यक्रम असतो. आईवडील ६५ च्या पुढचे आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावर असतील तर त्यांनाही मिळू शकतो. तिथे आशियाई लोकांसाठी बीएमआयची अट २३ आहे. हिवाळ्यात ड जीवनसत्त्वही विचारून घ्या. ब्रिटनमध्ये रोज १० मायक्रोग्रॅमचा सल्ला आहे, आणि सावळ्या कातडीच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असं सांगतात.

खाल्ल्यावर मुद्दाम ओकणं, लपून थांबताच न येणारं खाणं किंवा दोन आठवडे सलग कशातच मन न लागणं यातलं काही असेल, तर पथ्याचा तक्ता बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला.

पुढची तपासणी तीन महिन्यांच्या आत करू नका, आकड्याला बदलायला तेवढा वेळ लागतो. भारतातून महिनाभर राहून आल्याबरोबर केली तर तो महिनाच त्यात जास्त दिसेल. डॉक्टरांना प्रवासाच्या तारखा सांगा. ६.१ चा ६.१ च राहिला तरी वर चढला नाही, हा निकालच आहे. तोच दिनक्रम ठेवा आणि पुढची तारीख घ्या. ६.५ किंवा वर आला तर एका चाचणीवर निदान धरत नाहीत, सहसा दुसऱ्यांदा रक्त तपासतात. तोवर घरात कुणाला काही जाहीर करायची घाई नको.