‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आता कोण म्हणतं?

एका वाचकाचा प्रश्न आहे: मुलगा शिकायला इंग्लंडमधल्या लीड्सला निघालाय. शाळेत इंग्रजी वाक्प्रचारांची भलीमोठी यादी पाठ केली होती, ते तिथली माणसं खरंच बोलतात का?

पुष्कळसे बोलतात. पण ज्यांची आपण सर्वांत जास्त घोकंपट्टी केली, नेमके तेच कमी ऐकू येतात.

‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’चंच बघा. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली उच्चभ्रूंच्या साचेबंद गप्पांची टर उडवणारं पुस्तक काढलं, त्यात हा वाक्प्रचार एका पात्राच्या तोंडी आहे. म्हणजे तेव्हाच तो घासून गुळगुळीत झाला असावा! आज ब्रिटनमध्ये धो धो पाऊस लागला की ‘इट्स पोअरिंग’, ‘बकेटिंग डाउन’ किंवा ‘चकिंग इट डाउन’ म्हणतात. कुत्री-मांजरं कळतात सगळ्यांना, पण तरुणांच्या तोंडी क्वचितच, आणि तीही बहुधा गमतीत.

मात्र जुनं ते मेलं, असा हिशेब इथे चालत नाही. ‘वाइल्ड गूज चेस’ (निष्फळ धावपळ) शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये आहे, ‘फोरगॉन कन्क्लूजन’ (आधीच ठरलेला निकाल) ‘ऑथेल्लो’मध्ये. चारशे वर्षं उलटली तरी दोन्ही ऑफिसातल्या बोलण्यात आणि बातम्यांत सर्रास येतात. माझ्या मते कारण एवढंच की, ते बोलताना त्यातलं चित्र आता कुणाला दिसत नाही. ‘मुसळधार’ म्हणताना आपल्यापुढे तरी कुठे मुसळ येतं? कुत्र्या-मांजरांचं चित्र मात्र इतकं ठसठशीत आहे की बोलणाऱ्याचं स्वतःचंच लक्ष त्याच्याकडे जातं.

‘किक द बकेट’ म्हणजे मरणं; त्याच्याबद्दल जरा सावध राहायला हवं. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या बोलभाषेच्या कोशात तो आहे, आणि त्याचा सूर आजही थट्टेचाच आहे. कुणाचे वडील गेले असतील तर तिथे हा चुकूनही वापरू नये. ‘पास्ड अवे’ किंवा सरळ ‘डाइड’ म्हणावं. गंमत म्हणजे याच बादलीतून निघालेला ‘बकेट लिस्ट’ (मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी) हा शब्द २००७ च्या एका हॉलिवूडपटाने घरोघरी पोचवला आणि आपल्याकडेही तो रुळला.

आणखी एक. ‘डू द नीडफुल’ (आवश्यक ते करा) हा प्रयोग मुळात ब्रिटिशांचाच. तिकडे तो मागे पडला, आपल्या ऑफिसांनी मात्र सांभाळून ठेवला. त्यात चूक काही नाही, पण लीड्सच्या प्राध्यापकांना ईमेल लिहिताना काय करून हवंय ते नेमकं लिहिलेलं बरं.

मुलाला यादी फेकून द्यायला सांगू नका. वाचताना, सिनेमा बघताना ती कामी येईल. ‘अंडर द वेदर’ (बरं नसणं), ‘कॉल इट अ डे’ (आजचं काम थांबवणं), ‘वन्स इन अ ब्लू मून’ (क्वचित कधीतरी) हे तर पहिल्या दिवसापासून बिनधास्त वापरू दे.