'डिस्कस'पुढे 'अबाउट' का नको?

प्रश्न : मी मिरजेच्या एका पतसंस्थेत काम करते. ईमेलमध्ये 'वी डिस्कस्ड अबाउट द लोन' लिहिलं, तर साहेबांनी 'अबाउट' खोडलं. मग 'डिस्कशन अबाउट' कसं चालतं? आणि 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2015' यात काय चुकलं?

उत्तर : ताई, साहेबांनी खोडलं ते योग्यच. आपण 'कर्जाविषयी चर्चा केली' म्हणतो, तो 'विषयी' इंग्रजीत 'अबाउट' होऊन येतो. माझ्या वर्गातल्या वह्यांत हे दर आठवड्याला दिसतं, हुशार मुलांच्याही. पण 'डिस्कस' या क्रियापदाला कर्म थेट लागतं : 'वी डिस्कस्ड द लोन.' 'डिस्कशन' हे नाम आहे. त्याला कर्म थेट जोडता येत नाही, म्हणून तिथे 'अबाउट' लागतं. 'मॅरी'चंही तसंच. 'तिने डॉक्टरशी लग्न केलं' यातला 'शी' पाहून 'मॅरीड विथ अ डॉक्टर' लिहू नका. 'शी मॅरीड अ डॉक्टर' किंवा 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर' लिहा. 'एंटर्ड द रूम'मध्येही 'इन्टू' नको.

दुसऱ्या वाक्यात 'सिन्स' बरोबर आहे, काळ चुकलाय. काम तेव्हा सुरू झालं आणि आजही चालू आहे, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2015'. मुदत सांगायची असेल तर 'फॉर टेन इयर्स'. 'सिन्स टेन इयर्स' नाही. अर्जात तर हे नक्की तपासा, मुलाखत घेणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.