सेन्सर नवा, दिवा तोच

प्रश्न : माझ्याकडे नऊ वर्षे वापरलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते; मात्र कुंभार्ली घाट चढून चहाला थांबलो, की पुन्हा सुरू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. गेल्या महिन्यात तर अर्धा तास थांबल्यावरच ती सुरू झाली. चेक इंजिनचा दिवा लागला होता आणि स्कॅनरवर ‘पी०३४०’ हा कोड आला, म्हणून गॅरेजमध्ये कॅमशाफ्टची (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याची) स्थिती सांगणारा सेन्सर बदलला. जुना सेन्सर काढताना कपलरमधून (वायरींच्या जोडातून) तेलाचे दोन-तीन थेंब पडले होते. पंधरा दिवसांत पुन्हा तोच कोड आणि तोच त्रास. मेकॅनिक म्हणतात, सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल, दुसरा घालून पाहू. घालावा का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात घालू नका. ‘पी०३४०’ म्हणजे ‘सेन्सर गेला’ असा अर्थ आपल्याकडे सर्रास लावला जातो. प्रत्यक्षात हा कोड ‘कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’ एवढेच सांगतो, आणि त्या सर्किटमध्ये सेन्सरबरोबर कपलर, तीन वायरी, अर्थिंग आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट हे सगळेच येतात. मेकॅनिकची शंका अगदीच निराधार नाही, कारण बाजारात नकली सेन्सर भरपूर आहेत. पण न तपासता दुसऱ्यांदा पैसे घालण्याइतकी ती भक्कमही नाही.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेलाच्या थेंबांचे आहे. सेन्सरचे टोक इंजिनाच्या आत, तेलाच्या शिंतोड्यांत असते. त्याचे आतले सील फुटले, की तेल पिनांच्या कडेने कपलरमध्ये उतरते आणि पुढे केशाकर्षणाने वायरीच्या आवरणातूनही सरकत जाते. नवा सेन्सर बसवला तरी वायरिंगकडचा कपलर जुनाच राहतो : रबरी सील तेलाने फुगलेले, आतले टर्मिनल सैल झालेले आणि त्यांवर काळपट चिकटा. थंड इंजिनावर असा सांधा कसाबसा काम करतो. घाट चढून बॉनेटखालची उष्णता वाढली, की तो दगा देतो.

म्हणून पहिले काम कपलर उघडून उजेडात पाहण्याचे. आत तेल असेल तर विद्युत-जोडांसाठी मिळणाऱ्या क्लीनर स्प्रेने तो धुवा. पेट्रोल वापरू नका. पिना हिरवट पडल्या आहेत का, टर्मिनल पिनेला घट्ट धरते का, हे पाहा. मग वायरिंग हाताने मागे मागे तपासत जा, कारण कोकणातल्या पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीर किती नुकसान करतात, हे चिपळूणकरांना सांगायला नको.

त्यानंतर मल्टिमीटर. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत हा सेन्सर तीन वायरींचा, हॉल प्रकारचा (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा) असतो. कपलर काढून चावी ऑन करा. वायरिंगच्या बाजूला एका पिनेवर सप्लाय मिळाला पाहिजे (गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट) आणि सिग्नलच्या पिनेवर साधारणपणे ५ व्होल्ट. मीटरची लाल तार बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी तार अर्थच्या पिनेला लावली, की बॅटरीइतकेच व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी दिसले तर अर्थिंग कच्चे आहे. यानंतर कपलर जोडून, चावी ऑन ठेवून, मागच्या बाजूने सिग्नलच्या वायरीला मीटर लावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या (क्रँकशाफ्टवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टवर पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. सिग्नल ० आणि ५ च्या आसपास उड्या मारत असेल, तर सेन्सर निदान थंड असताना तरी ठीक आहे. हीच तपासणी गाडी गरम होऊन अडली असताना करता आली, तर निदान पक्के होते. तेव्हा पंखा, पट्टे आणि एक्झॉस्टपासून हात जपा. हॉल सेन्सरचा ओहममध्ये रोध मोजून मात्र काहीही कळत नाही. ती पद्धत दोन वायरींच्या जुन्या, वेटोळ्याच्या सेन्सरसाठी आहे.

गरम इंजिन सुरू न होणे हे क्रँकशाफ्ट सेन्सरचेही जुने लक्षण आहे. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. पिस्टन वर आला हे क्रँक सेन्सर सांगतो; पण तो कॉम्प्रेशनला आला की एक्झॉस्टला, हे कॅम सेन्सरशिवाय समजत नाही. अडलेल्या गाडीचा सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला, तर आधी क्रँक सेन्सरकडे बघा. आरपीएम दिसत असेल तर शोध कॅमच्याच बाजूला. मेकॅनिकना ‘फ्रीझ फ्रेम’ही उघडायला सांगा, कोड नोंदला त्या क्षणी कूलंटचे तापमान किती होते, ते तिथे लिहिलेले असते. ‘पी०३४१’ (कॅमचा सिग्नल अपेक्षेबाहेर) किंवा ‘पी००१६’ (कॅम आणि क्रँक यांचा मेळ चुकलेला) हा कोड सोबत असेल आणि सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येत असेल, तर प्रकरण टायमिंग चेनचे (क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचे) असू शकते.

एवढे करून सेन्सरच दोषी ठरला, तर तो गाडीच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर काढूनच घ्या. काम सोपे आहे : बॅटरीची ऋण तार काढा, आजूबाजूची धूळ पुसा, कपलरची कडी दाबून मगच ओढा (जुने प्लॅस्टिक ठिसूळ होते) आणि बोल्ट काढून सेन्सर डावी-उजवीकडे फिरवत बाहेर घ्या. जुनी ओ-रिंग (सेन्सरभोवतीचे गोल रबरी सील) भोकात अडकली नाही ना, ते पाहा. टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलेला दिसला, तर काम इंजिनाच्या आतले आहे. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावा आणि सेन्सर हाताने पूर्ण बसल्यावरच बोल्ट आवळा. बसत नाही म्हणून बोल्टने ओढून घेतला, की त्याचा कान तुटतो. कोड पुसा आणि तोच घाट पुन्हा चढून पाहा.

प्रश्न : हाच दिवा लागलेला असताना म्हापशाहून पुण्यापर्यंत गाडी नेली तर चालेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : अनेक गाड्या कॅमचा सिग्नल नसताना क्रँक सेन्सरवर चालत राहतात, सुरू व्हायला उशीर लागतो आणि पिकअप पडतो, इतकेच. परंतु चालत्या गाडीत इंजिन बंद पडण्याचा अनुभव एकदाही आला असेल, तर नेऊ नका. इंजिन थांबले की स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकच्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपून पेडल दगडासारखे लागते. घाटउतारावर हे घडू नये. दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल, तर मिसिंगमुळे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्यामुळे) धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याचा धोका असतो. अशा वेळी म्हापशातल्या म्हापशातही फिरू नका.