प्रयोगात जमले, रुग्णालयात केव्हा?

प्रश्न : स्तनाचा कर्करोग ओळखण्यात कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरांच्या तोडीची ठरली, अशा बातम्या वारंवार वाचनात येतात. मग माझ्या बहिणीच्या मॅमोग्राफीचा अहवाल अजून डॉक्टरच का लिहितात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्या बातम्यांमागील बरेच अभ्यास मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीच्या, संग्रहातील जुन्या चित्रांवर झालेले असतात. निदान आधीच झालेल्या चित्रांवर अचूक ठरणे वेगळे आणि रोजच्या तपासणीत रुग्णाच्या उपयोगी पडणे वेगळे. अमेरिकेत याचा अनुभव येऊन गेला आहे. मॅमोग्राफीतील संशयास्पद जागांवर खुणा करणाऱ्या संगणकीय प्रणालीला तेथे १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि विम्यातून तिचा खर्च मिळू लागल्यावर ती झपाट्याने पसरली. परंतु २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अचूकता घटल्याचे आणि अधिक स्त्रियांना विनाकारण पुढील तपासण्यांना, प्रसंगी बायोप्सीलाही (ऊतीचा तुकडा काढून तपासण्यालाही), सामोरे जावे लागल्याचे आढळले.

म्हणूनच स्वीडनमधील 'मसाई' चाचणी मला मोलाची वाटते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत एक लाखाहून अधिक स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. एका गटाची चित्रे तेथील प्रथेप्रमाणे दोन रेडिओलॉजिस्टनी वाचली; दुसऱ्या गटात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रत्येक तपासणीला १ ते १० असा जोखमीचा अंक दिला आणि सर्वाधिक जोखमीची चित्रे तेवढी दोघांनी, बाकीची एकानेच वाचली. पहिल्या गटात २६२, तर दुसऱ्या गटात ३३८ कर्करोग सापडले, वाचनाचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी घटले आणि विनाकारण परत बोलावण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. अंतिम निर्णय मात्र तेथेही डॉक्टरांचाच होता.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणे मला धोक्याचे वाटते. स्वीडनमध्ये कोणताही त्रास नसलेल्या स्त्रियांना ठरावीक काळाने तपासणीचे बोलावणे जाते. आपल्याकडे बहुतेक स्त्रिया गाठ हाताला लागल्यावरच येतात आणि त्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाणही अधिक असते. तरुण स्तनाची घन ऊती मॅमोग्राफीत पांढरी दिसते, गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती झाकली जाण्याची शक्यता असते. आपल्या रुग्णालयांत, आपल्या स्त्रियांवर अशी चाचणी होणे त्यासाठी आवश्यक आहे.

आपल्या बहिणीला गाठ जाणवत असेल, तर मॅमोग्राफीचा अहवाल निर्दोष आला तरी तेवढ्यावर थांबू नये. डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी आणि सोनोग्राफी किंवा बायोप्सी हवी का, हे विचारावे.