दारू सुटली, पण झोप कुठे गेली?

"मॅडम, पीत होतो तेव्हा निदान झोप तरी लागायची." दारू सोडणाऱ्यांची समुपदेशक आहे मी, हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतेच. दारू सोडून महिना-दीड महिना झालेला असतो, हाताची थरथर गेलेली, जेवण जायला लागलेलं, आणि रात्री मात्र डोळे टक्क उघडे. घरच्यांना धसका, हा परत पिणार की काय.

एक रिक्षावाले दादा होते (ओळख पटेल असं सगळं बदललंय), पंचेचाळिशीचे, सोडून 38 दिवस झालेले. फॉलोअपला वहिनी सोबत आल्या आणि त्याच बोलायला लागल्या, की हे रात्री दोनला उठतात, तंबाखू मळतात, चहा टाकतात, परत येऊन घड्याळाकडे बघत बसतात आणि मग मलाही झोप नाही. दादा मान खाली घालून ऐकत होते, मग हळूच म्हणाले, शेजाऱ्याने झोपेची गोळी दिलीय, अर्धी घेऊ का?

अजिबात नाही म्हटलं. अल्प्राझोलाम वगैरे गोळ्या मेंदूत दारूच्याच वाटेने काम करतात, खिशातली चपटी जाऊन तिथे स्ट्रिप आलेली मी कितीदा बघितलीय. गोळी द्यायची की नाही, कुठली, किती दिवस, ते सायकियाट्रिस्ट ठरवतील, शेजारी नाही.

मग त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. दादा, दारू म्हणजे ब्रेक, तो रोज दाबलेला म्हणून मेंदूने इतकी वर्षं अ‍ॅक्सिलरेटर पिळून धरला, आता ब्रेक सुटला पण मूठ अजून पिळलेलीच आहे. ती सैल व्हायला काहींना आठवडे लागतात, काहींना कित्येक महिने. आणि तेव्हाची ती झोप तरी कसली, गुंगीच ती. यावर तेच म्हणाले, हो, तेव्हाही तीनला घसा कोरडा पडून जाग यायचीच की.

(सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत झोप नाही आणि सोबत जोराची थरथर, फिट, भास असं काही असेल तर समुपदेशकाची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा.)

खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत निघाली. दुपारी स्टँडवर मागच्या सीटवर दोन-दोन तास झोप काढायचे, हे वहिनींनाही माहीत नव्हतं! ती बंद केली. चारनंतर चहा नाही, रात्री तंबाखू नाही कारण निकोटिन जागं ठेवतं, आणि रात्र कशीही गेली तरी उठायचं सहालाच. वीसेक मिनिटं नुसती कूस बदलण्यात गेली असं वाटलं तर अंथरुण सोडून बाहेर बसायचं, डोळे जड झाले की परत. पहिला आठवडा लई वैतागले माझ्यावर. घड्याळ वहिनींनी पुढच्या खोलीत टांगलं.

पाच आठवड्यांनी साडेचारपर्यंत सलग झोप लागायला लागली, पण स्वप्नं सुरू झाली. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते, सोडल्यावर ती उसळते, म्हणून स्वप्नात प्यायलं तर ती स्लिप, म्हणजे सोडल्यावर परत पिणं, नाही हे मी आधीच सांगून ठेवते. तरी एका रात्री दादा घामाघूम होऊन उठले, स्वप्नात स्टँडवर मित्रांसोबत बसून ग्लास संपवला होता. वहिनींना हलवून उठवलं, म्हणाले, "अगं, माझ्या तोंडाचा वास घे बरं."

वहिनींनी घेतला. म्हणाल्या, "तंबाखूचा येतोय."