मुलगा व्हॉलंटियर फायरफायटर आहे आणि ओठाखाली डिप (ओली तंबाखू) ठेवतो, काय करू?

ताई, मुलाच्या गाडीत तंबाखूची डबी आणि थुंकायची बाटली सापडली म्हणून तुम्ही घाबरलात ते साहजिक आहे, पण पोरगं वाईट संगतीला लागलं असं धरून बोलायला जाऊ नका. अमेरिकेत खेड्यांतल्या बऱ्याच फायर स्टेशनांत डिप ही जुनी सवय आहे, आत सिगरेट ओढता येत नाही, डिपला धूर नाही, हात मोकळे राहतात, रात्री जागं राहता येतं असं त्यांना वाटतं, आणि सिनियरनेच डबी पुढे केली की नव्या पोराला नाही म्हणणं जड जातं.

"सिगरेट तर ओढत नाही ना" असं तो म्हणेलच. पण डिपने तोंडाचा, अन्ननलिकेचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो, आणि आग विझवायचं कामच २०२२ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) कॅन्सरकारक ठरवलंय, म्हणजे एक धोका आधीच अंगावर आहे आणि त्यात हा दुसरा. मला तर जास्त काळजी हृदयाची वाटते. तिकडे ड्युटीवर फायरफायटर दगावतात त्यात हार्ट अटॅक हे फार मोठं कारण आहे, निकोटिनने नाडी आणि बीपी वाढतं, आणि वरून जड गिअर, उष्णता, झोपेतून उठून थेट आगीत धावणं.

आता डिप सोडून झिनसारखे पाउच (ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या छोट्या पुड्या) घेतो म्हणाला तर? त्यात तंबाखूचं पान नसतं, कॅन्सर करणारी द्रव्यं बरीच कमी, अमेरिकेतल्या एफडीए या सरकारी नियामक संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये झिनच्या २० प्रकारांना विक्रीची परवानगीही दिली, पण परवानगी म्हणजे सेफ नव्हे, निकोटिनची लत तशीच राहते आणि हृदयावरचा ताणही.

त्याला एकट्याला गाठून शांतपणे विचारा, दिवसाला किती लागतं, उठल्या उठल्या लागतं का. डिप ठेवतो तिथे ओठाच्या आत पांढरा, सुरकुतलेला चट्टा आहे का, हिरडी खाली सरकलीय का, हे त्याने स्वतः आरशात बघू दे, आणि चट्टा असेल तर डेंटिस्टला दाखवायचंच, सोडल्यावर तो बऱ्याचदा जातो. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, तेव्हा घरच्यांनी टोमणे मारू नयेत, पॅच किंवा निकोटिन गमबद्दल डॉक्टरांशी बोलावं. १-८००-७८४-८६६९ ही क्विटलाइन (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) फुकट आहे, फोन मात्र त्यानेच करू दे.

आणि घरात लहान मूल असेल तर डब्या आजच उंचावर कुलपात ठेवा, त्या लहानग्याने पाउच तोंडात घातलाच तर लगेच पॉइझन कंट्रोलला (विषबाधेसाठीची मदत सेवा) १-८००-२२२-१२२२ वर फोन करा.